निसर्गपर्यटनातील लोकसहभाग : रोजगार की निर्णयाधिकार?
(वेळास, कास पठार व ताडोबा यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

सारांश

निसर्गपर्यटनाच्या शासकीय धोरणांत आणि अभ्यासकांच्या लेखनात ‘लोकसहभाग’ हा शब्द आज सर्वमान्य झाला आहे. तथापि या शब्दाखाली प्रत्यक्षात काय मोजले जाते, याची पुरेशी चिकित्सा झालेली नाही. बहुतेक ठिकाणी स्थानिकांना मिळालेला रोजगार हाच सहभागाचा पुरावा मानला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील वेळास, कास पठार आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे बाह्यक्षेत्र या तीन उदाहरणांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, रोजगार हा सहभागाचा परिणाम असू शकतो, त्याची कसोटी नव्हे. पर्यटक किती, केव्हा आणि कोणत्या अटीवर यावेत, तसेच केव्हा येऊ नयेत, हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक समुदायाकडे कितपत आहे, हीच सहभागाची खरी कसोटी होय.

बीजसंज्ञा : निसर्गपर्यटन, लोकसहभाग, ग्रामसभा, धारणक्षमता, सामूहिक वनहक्क.

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष आंतरराष्ट्रीय निसर्गपर्यटन वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षी कॅनडातील क्वेबेक येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात निसर्गपर्यटनाचे नियोजन, विकास व संचालन यांमध्ये स्थानिक आणि मूलनिवासी समुदायांना सामावून घ्यावे, असे तत्त्व मांडले गेले. या तत्त्वाचे प्रतिध्वनी पुढे भारतातील केंद्र व राज्य शासनांच्या धोरणांतून उमटले. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये निसर्गपर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. पुढे वनविभागाच्या अखत्यारीत निसर्गपर्यटन विकास मंडळही अस्तित्वात आले. आज वनक्षेत्रालगतच्या कोणत्याही पर्यटन आराखड्यात ‘स्थानिकांचा सहभाग’ या शीर्षकाचे एखादे प्रकरण असतेच.

शब्द रूढ झाला की त्याचा अर्थ गृहीत धरला जातो. लोकसहभागाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. किती तरुणांना गाईड म्हणून घेतले, किती कुटुंबांनी घरगुती निवास सुरू केले, किती महिला बचत गटांना उपाहारगृह चालविण्यास दिले, यांची संख्या म्हणजेच सहभाग, असे समीकरण अहवालांतून दृढ झाले आहे. ही संख्या उपयुक्त आहे, पण ती एका मूलभूत प्रश्नाला बगल देते. ज्या भूमीवर आणि ज्या जीवसृष्टीवर पर्यटन उभे आहे, तिच्याविषयीचा निर्णय कोण घेतो, हा तो प्रश्न होय.

सैद्धान्तिक भूमिका

सहभागाच्या चर्चेत शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ साली मांडलेली ‘शिडी’ आजही मार्गदर्शक ठरते. अमेरिकन शहरांतील नागरी योजनांच्या अनुभवातून त्यांनी सहभागाच्या आठ पायऱ्या कल्पिल्या. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना केवळ वळविले वा समजाविले जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणे, सल्ला घेणे आणि समजूत काढणे एवढेच घडते. वरच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे भागीदारी, अधिकार-प्रदान आणि नागरी नियंत्रण येथे, सत्तेचे खरे वाटप सुरू होते. पर्यटनाच्या क्षेत्रात रेजिना शेव्हेन्स यांनी १९९९ मध्ये आर्थिक, मानसिक, सामाजिक आणि राजकीय अशा चार अंगांनी समुदायाच्या सबलीकरणाचा विचार मांडला.

या दोन्ही मांडण्या उपयुक्त असल्या, तरी भारतीय वनक्षेत्राला त्या जशाच्या तशा लागू करता येत नाहीत. अर्न्स्टाइन यांच्या नागरिकाला आपल्या वस्तीत राहण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. याउलट जंगलालगतच्या गावात हाच प्रश्न प्रथम येतो. जंगल वनविभागाच्या ताब्यात, किनारा शासनाचा, वन्यजीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत, आणि गावकऱ्याकडे उरते ते त्याचे घर, त्याचे श्रम आणि परिसराविषयीचे त्याचे पिढीजात ज्ञान. म्हणून आपल्याकडे सहभागाची शिडी चढण्याआधी ती कोणाच्या जमिनीवर उभी आहे, हे पाहावे लागते. पुढील तिन्ही उदाहरणांत जमिनीचे व अधिकाराचे स्वरूप भिन्न आहे आणि म्हणूनच ती तुलनेस योग्य ठरतात.

वेळास : संरक्षण आधी, पर्यटन नंतर

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाला परिचित आहे. मागील दोन दशकांत मात्र त्याची ओळख ‘कासवांचे गाव’ अशी झाली. येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालतात. ही अंडी काढून खाण्याची व विकण्याची प्रथा कोकण किनाऱ्यावर पूर्वी होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये येथे कासव संरक्षणाचे काम सुरू केले. किनाऱ्यावरील घरटी शोधून अंडी कुंपणबंद जागेत सुरक्षितपणे हलविणे आणि सुमारे दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रात सोडणे, असे या कामाचे स्वरूप होते. घरट्याच्या खुणा ज्यांना अचूक ओळखता येत होत्या, अशा गावकऱ्यांनाच राखणीच्या कामात घेतले गेले. जे ज्ञान अंडी काढण्यासाठी वापरले जात होते, तेच ती वाचविण्यासाठी उपयोगात आले.

कासव महोत्सव ही त्यानंतरची पायरी होती. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यास पर्यटक येऊ लागले, तेव्हा त्यांच्या निवासाची व भोजनाची सोय गावातील घरांतूनच झाली. मोठी हॉटेले येथे आली नाहीत. पाहुणा गावकऱ्याच्या ओटीवर उतरला, घरचे जेवण जेवला आणि सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी किनाऱ्यावर गेला. या क्रमाला विशेष महत्त्व आहे. पर्यटन आले तेव्हा ‘हे का राखायचे’ या प्रश्नाचे उत्तर गावाने आधीच शोधलेले होते. उत्पन्न हे संरक्षणाचे कारण नव्हते, तर त्याचे फळ होते.

तथापि वेळासचे उदाहरण आदर्श म्हणून सांगताना त्याच्या मर्यादा झाकल्या जातात. ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने घरटी हाताळण्याचा अधिकार अंतिमतः वनविभागाचाच राहतो. आतिथ्यावर गावाचे नियंत्रण आहे, किनाऱ्यावर व कासवांवर नाही. दुसरी मर्यादा निसर्गनिर्मित आहे. पिल्ले केव्हा बाहेर येतील हे वाळूचे तापमान ठरविते, सुट्टीचे वेळापत्रक नव्हे. शनिवार-रविवारी दूरवरून आलेल्या पर्यटकाला पिल्लू दिसले नाही, तर तो नाराज होतो आणि ती नाराजी यजमान कुटुंबाला सोसावी लागते. अशा वेळी ‘आज काही दिसणार नाही’ असे निःसंकोचपणे सांगता येणे, हा यजमानाच्या स्वातंत्र्याचाच एक भाग आहे. वाळूच्या तापमानावर पिल्लांचे लिंगही अवलंबून असल्याने बदलत्या हवामानात अंडी हलवावीत की जागेवरच राखावीत, हा शास्त्रीय प्रश्न अधिक गंभीर होत जाणार आहे. त्याचे उत्तर पर्यटकांच्या सोयीने ठरू नये, ही दक्षता आवश्यक ठरते. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह-यंत्र बसविण्यात आले. या घटनेमुळे गावाच्या राखणीला संशोधनाच्या क्षेत्रातही मान मिळाला. संशोधनातून येणारी माहिती गावापर्यंत गावाच्या भाषेत पोहोचणे, हीदेखील सहभागाचीच एक बाजू आहे.

कास पठार : मर्यादा कोणाची, चराई कोणाची?

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटातील अन्य स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जांभ्याच्या कातळावरील मातीचा पातळ थर आणि त्यावर पावसाळ्याच्या अखेरीस उमलणारी तेरडा, सीतेची आसवे, गेंद यांसारखी फुले हे या पठाराचे वैभव आहे. ठरावीक वर्षांच्या अंतराने फुलणारी टोपली कारवी त्यात भर घालते. हे सर्व वैभव पायाखाली तुडविले जाण्याइतके नाजूक आहे. वारसा दर्जानंतर गर्दी वाढली आणि पठाराभोवतीच्या गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना व्यवस्थेत सामावून घेण्यात आले. प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, वाहनतळ, स्थानिक मार्गदर्शक व राखणदार आणि दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा, अशी चौकट त्यातून उभी राहिली.

संख्येवर मर्यादा घालणे ही महाराष्ट्रातील निसर्गपर्यटनात दुर्मीळ अशी बाब आहे आणि तिचे श्रेय वनविभाग व स्थानिक समित्या या दोघांनाही द्यावे लागेल. परंतु कास येथील दुसरा प्रश्न अधिक बोलका आहे. संरक्षणासाठी पठारावर तारेचे कुंपण घालण्यात आले. त्यामुळे पर्यटकांबरोबर गुरेही बाहेर राहिली. पूर्वापार चालत आलेली चराई थांबल्याने उंच गवत वाढून लहान फुलझाडांना जागा उरत नाही, असा आक्षेप स्थानिकांनी व काही अभ्यासकांनी घेतला आणि कुंपण काढण्याची मागणी पुढे आली. या वादातील शास्त्रीय बाजूंचा निर्णय वनस्पतिशास्त्रज्ञांनी करावा. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, ज्या गुराख्याच्या वावरातून हे पठार शतकानुशतके घडत आले, त्याचे म्हणणे व्यवस्थापनाच्या आरंभी नव्हे, तर परिणाम दिसू लागल्यावर चर्चेत आले. गावकरी तिकीटघरावर होता, राखणीवर होता, परंतु आराखड्याच्या टेबलावर त्याचे ज्ञान नव्हते. सहभागाची मोजणी केवळ रोजगारावरून केली, तर ही उणीव कोणत्याही अहवालात दिसणार नाही.

ताडोबा : वाघ आणि तेंदूपत्ता

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे बाह्यक्षेत्र २०१० मध्ये अधिसूचित झाले. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती उठविताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांचे पालन बंधनकारक झाले. गाभाक्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच नियंत्रित पर्यटनास परवानगी देणारी ही तत्त्वे बाह्यक्षेत्रातील समुदायाधिष्ठित पर्यटनाला प्रोत्साहन देतात. परिणामी मोहर्ली, कोलारा, आगरझरी यांसारख्या गावांच्या परिसरात गाईड, जिप्सीचालक, नौकाविहार, फुलपाखरू उद्यान अशा मार्गांनी रोजगार निर्माण झाला. राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बाह्यक्षेत्रातील गावांना गॅस-जोडणी, शेतीला कुंपण यांसारखे लाभही देण्यात आले. वनावरील अवलंबन कमी करणे व वनविभाग आणि गावे यांतील दुरावा घटविणे या दृष्टीने ही पावले निश्चितच स्वागतार्ह आहेत.

परंतु येथे सहभागाच्या कल्पनेतील सर्वांत तीव्र अंतर्विरोध दिसतो. एप्रिल-मे हे महिने ताडोबात पर्यटनाच्या ऐन भराचे असतात. पाणवठे आटलेले असल्याने वाघ हमखास दिसतो. याच महिन्यांत बाह्यक्षेत्रातील स्त्री-पुरुष मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करण्यासाठी पहाटे जंगलात शिरतात. पर्यटकाला वाघाचे दर्शन हे भाग्य वाटते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या स्त्रीला तेच दर्शन मृत्यूचे ठरू शकते आणि चंद्रपूर जिल्ह्यात असे अनेकदा घडले आहे. वाघाचा लाभ आणि वाघाची जोखीम एकाच गावात आहेत, पण एकाच घरात नाहीत. गाईडचे काम मिळालेल्या तरुणाच्या घरी पर्यटनाचे उत्पन्न येते. ज्या घरी ते येत नाही, त्या घरची माणसे जंगलात अधिक जातात. अशा स्थितीत ‘गावाला लाभ झाला’ हे विधान सरासरीचे असते आणि सरासरीत जोखीम लपते.

मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी स्थानिक सल्लागार समितीची तरतूद केली. ‘सल्लागार’ हे विशेषणच या समितीचे स्थान सांगून जाते. अर्न्स्टाइन यांच्या शिडीवर ती मधल्या पायऱ्यांवर बसते. वाहनांची संख्या, प्रवेशद्वारांची जागा, शुल्काचा विनियोग याविषयी गाव मत देऊ शकते, निर्णय देऊ शकत नाही. बाहेरून आलेल्या भांडवलावर उभी राहिलेली रिसॉर्ट तर गावाच्या मताच्या कक्षेतही क्वचितच येतात.

गावातील विषमता व स्त्रियांचे श्रम

‘स्थानिक समुदाय’ हा शब्द एकवचनी असला, तरी गाव एकजिनसी नसते. घरगुती निवास सुरू करण्यासाठी जादा खोली, स्वच्छतागृह आणि थोडे भांडवल लागते. भूमिहीन वा कच्च्या घरात राहणारे कुटुंब या व्यवसायाच्या उंबरठ्यावरच अडते. ज्यांची घरे पर्यटकांसाठी उघडतात, तेथेही नोंदणी पुरुषाच्या नावे आणि पहाटेपासूनचे रांधणे-वाढणे स्त्रीच्या वाट्याला, अशी विभागणी सहज होते. तिच्या श्रमाचा मोबदला घराच्या उत्पन्नात मिसळून जातो.

या पार्श्वभूमीवर वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ मध्ये सुरू केलेली कांदळवन सफर लक्षणीय ठरते. मच्छीमार समाजातील या स्त्रिया स्वतः वल्ही मारून पर्यटकांना खाडीत नेतात आणि कांदळवनाच्या प्रजाती व त्यांचे कार्य समजावून सांगतात. येथे स्त्री स्वयंपाकघरातील अदृश्य श्रमिक राहत नाही. ती नौकेची चालक, माहितीची अधिकारी व्यक्ती आणि उत्पन्नाची थेट धनी होते. आकाराने लहान असलेल्या या उपक्रमात शेव्हेन्स यांनी सांगितलेले मानसिक सबलीकरण स्पष्ट दिसते. गटाचे निर्णय गटातच होतात, हे त्याचे बळ होय.

कायद्यातील शक्यता

निर्णयाधिकाराची ही मागणी कायद्याबाहेरची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण, पुनर्निर्माण, जतन व व्यवस्थापन करण्याचा हक्क पात्र समुदायांना दिला आहे. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणासाठी ग्रामसभेला सक्षम केले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या व्यवस्थापनात ग्रामसभा कोणती क्षमता दाखवू शकते, हे पुढे दिसून आले. बांबूच्या बाबतीत जे शक्य झाले, त्याचा निसर्गपर्यटनाच्या बाबतीत विचारही क्वचितच होतो. सामूहिक हक्क मान्य झालेल्या वनातील पर्यटनाचा आराखडा ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्याचाच भाग मानला, तर प्रवेशशुल्क, पर्यटकसंख्या व बंदीचा काळ हे विषय आपोआप तिच्या कक्षेत येतील.

एक आक्षेप व त्याचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अधिकार मिळाल्यास गावेच गर्दीला आमंत्रण देतील. हा आक्षेप निराधार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी लोटणारी गर्दी, वाहनांचे दिवे आणि गोंगाट हे त्याचे उदाहरण म्हणून पुढे करता येईल. प्रकाशाच्या खुणांवर ज्यांचे मीलन अवलंबून आहे, त्या कीटकांना वाहनांचा प्रखर दिवा घातक ठरतो, हे उघड आहे. मात्र अशा ठिकाणी तंबू व भोजन पुरविणाऱ्या गावाकडे रस्त्यावरील वाहने रोखण्याचा अधिकार नसतो. लाभ घेण्याची मुभा आणि मर्यादा घालण्यास मनाई, अशा व्यवस्थेत प्रत्येक घर आपापला हंगाम साधून घेते, यात नवल नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सामूहिक संसाधनांच्या दीर्घायुषी व्यवस्थांचा अभ्यास करून जी लक्षणे नोंदविली, त्यांत सीमांची स्पष्टता, नियम घडविण्यात वापरकर्त्यांचा वाटा, परस्पर देखरेख, टप्प्याटप्प्याने वाढणारा दंड आणि समुदायाच्या संघटनहक्काला शासनाची मान्यता यांचा समावेश आहे. संयम हा समुदायाचा उपजत गुण नसतो, तो अधिकार व उत्तरदायित्व यांच्या जोडीतून घडतो, असा या विवेचनाचा अर्थ घेता येईल. म्हणून शासनाने मागे हटावे, असे येथे सुचवायचे नाही. धारणक्षमतेची शास्त्रीय कमाल मर्यादा शासनाने व तज्ज्ञांनी ठरवावी. त्या मर्यादेच्या आत किती, केव्हा व कसे, हे ग्रामसभेने ठरवावे. आणि त्या मर्यादेहून कमी पर्यटक स्वीकारण्याचा, प्रसंगी हंगाम बंद ठेवण्याचा, तिचा अधिकार निरपवाद असावा.

निष्कर्ष

वरील चिकित्सेतून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. वेळास येथे संरक्षणातून पर्यटन उभे राहिले आणि आतिथ्य गावाच्या हाती राहिले. ‘संरक्षण आधी, पर्यटन नंतर’ हा क्रम अन्यत्रही अनुकरणीय आहे.

२. कास येथे संख्येची मर्यादा स्वीकारली गेली, पण चराईविषयीचे स्थानिक ज्ञान आराखड्यात उशिरा आले. रोजगारातील सहभाग ज्ञानातील सहभागाची जागा घेऊ शकत नाही.

३. ताडोबाच्या बाह्यक्षेत्रात पर्यटनाचा लाभ व वन्यप्राण्यांची जोखीम वेगवेगळ्या घरांत विभागली गेली आहे. पर्यटन उत्पन्नातील निश्चित वाटा जोखीम सोसणाऱ्या कुटुंबांसाठी राखला जाणे आवश्यक आहे.

४. गावांतर्गत विषमता व स्त्रियांचे अदृश्य श्रम यांची नोंद सहभागाच्या कोणत्याही मूल्यमापनात व्हावयास हवी.

५. वनहक्क कायद्याने दिलेल्या अधिकारांचा निसर्गपर्यटनाच्या नियोजनाशी सांधा जोडला गेला पाहिजे.

महाविद्यालयीन अभ्यासकांपुढेही यातून एक काम उभे राहते. क्षेत्रभेटींच्या प्रश्नावलीत ‘पर्यटनामुळे तुमचे उत्पन्न वाढले काय?’ हा प्रश्न नेहमी असतो. त्याच्या जोडीला ‘पर्यटकांना नको म्हणायचे असेल, तर तुमच्या गावाला तसे म्हणता येते काय?’ हा प्रश्नही विचारला जावा. ज्या गावाला यजमान म्हणविले जाते, त्याला दार उघडण्याइतकेच ते लावण्याचेही स्वातंत्र्य हवे. ते नसेल, तर त्या गावाची स्थिती यजमानाची नसून आपल्याच परिसरात कामावर ठेवलेल्या सेवकाची आहे, असे म्हणावे लागेल.